बढतीची शिडी

परीक्षेचे निकाल लागून प्रवेशाचे आणि नोकरीचे दिवस आले म्हणजे आपल्याकडे घरोघरीं एक शब्द वारंवार ऐकूं येतो. तो शब्द म्हणजे वशिला. कोणी म्हणतो, “वशिल्यावांचून या जगांत पानही हालत नाहीं.” दुसरा कोणी, बहुधा एखाद्या समारंभाच्या व्यासपीठावर उभा राहून, म्हणतो, “अंगीं गुण असले म्हणजे वशिल्याची गरजच नाहीं.” पहिलें वाक्य ऐकून विद्यार्थी आळशी होतो, आणि दुसरें ऐकून तो पुढें निराश होतो. आमच्या मतें हीं दोन्ही वाक्यें अर्धवट आहेत. वशिला आणि गुण यांचा खरा संबंध काय, हें ठरविण्यास नुसता तर्क पुरत नाहीं. जी पुष्कळ काळ चालली आणि जिच्यांतील माणसांच्या बढत्यांची तारीखवार नोंद राहिली, अशी एखादी जुनी संस्था तपासून पाहिली पाहिजे. शिडांच्या काळांतील इंग्रजी आरमार ही अशीच एक संस्था होय. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत, म्हणजे वाफेच्या यंत्रानें शिडांना मागें सारीपर्यंत, त्या आरमारांतील अधिकारी वर कसे चढत गेले, याचा थोडा विचार आम्ही येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

प्रथम ती शिडी कशी होती तें पाहूं. मुलगा साधारण अकरा ते चौदा वर्षांचा असतांना जहाजावर जाई. त्याला घ्यावयाचें कीं नाहीं हें बहुतेक त्या जहाजाचा कॅप्टनच ठरवी. जहाजावरील दर शंभर माणसांमागें चार ‘नोकर’ ठेवण्याचा कॅप्टनला हक्क असे. हे नोकर म्हणजे सगळींच भांडीं घासणारीं पोरें नव्हेत. त्यांत पुष्कळदां कॅप्टनच्या नात्यांतील किंवा ओळखीच्या घरांतील, पुढें अधिकारी होऊं पाहणारीं मुलें असत. सन १७९४ मध्यें हें नांव जाऊन अशा मुलांना ‘स्वयंसेवक’ म्हणूं लागले. कांहीं वर्षांनीं असा मुलगा मिडशिपमन, म्हणजे उमेदवार अधिकारी होई. त्याच्या वर लेफ्टनंट, मग लहान युद्धनौकेचा कमांडर, मग वीस किंवा अधिक तोफांच्या जहाजाचा कॅप्टन, आणि सर्वांच्या वर ॲडमिरल. पोर्टस्मथ येथें सन १७३३ पासून आरमाराची एक शाळा चालू होती. परंतु तिच्यांतून येणारीं मुलें थोडीं. बाकीच्यांना पहिलें दार ओळखीनेंच उघडे. तेव्हां ही गोष्ट आरंभींच कबूल केली पाहिजे कीं, या शिडीच्या तळाशींच वशिला ठाण मांडून बसलेला होता.

मग तें आरमार वशिल्याच्या तट्टूंनीं भरून कसें गेलें नाहीं? याचें पुष्कळसें श्रेय सॅम्युअल पीप्स या कारभाऱ्यास दिलें पाहिजे. हा लंडनमधील एका शिंप्याचा मुलगा. दुसऱ्या चार्ल्स राजाच्या कारकीर्दींत तो आरमारखात्याचा चिटणीस झाला. त्याच्यापूर्वीं दरबारीं ओळख असलेले तरुण उमराव एखाददुसरी सफर करून अधिकारी बनत, आणि वारा व लाट ओळखणारे जुने दर्यावर्दी त्यांच्या हाताखालीं राहत. पीप्सच्या खटपटीनें सन १६७७ मध्यें असा नियम झाला कीं, ज्याला लेफ्टनंट व्हावयाचें असेल त्यानें निदान तीन वर्षें समुद्रावर काढलेलीं असावींत, त्यांपैकीं एक वर्ष मिडशिपमन म्हणून काम केलेलें असावें, त्याचें वय वीस वर्षांहून कमी नसावें, आणि त्यानें परीक्षा दिलेली असावी. पुढें अठराव्या शतकांत तीन वर्षांचीं सहा वर्षें झालीं.

ही परीक्षा कशी असे तें आमच्या विद्यार्थ्यांनीं लक्ष देऊन पाहावें. उमेदवारानें स्वतःच्या हातानें लिहिलेल्या सफरींच्या रोजनिशा आणि ज्यांच्या हाताखालीं काम केलें त्या कॅप्टनांचे दाखले घेऊन तीन कॅप्टनांच्या मंडळापुढें उभें राहावयाचें. दोन दोर एकांत एक कसे विणशील? वारा वाढला असतां शीड कसें आंखडशील? भरती-ओहोटीचा हिशेब कसा करशील? सूर्य किंवा तारा पाहून जहाज कोठें आहे तें कसें सांगशील? होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून किती ढळली आहे तें कसें काढशील? वारा किनाऱ्याकडे ढकलीत असतांना जहाज कसें वांचवशील? अशा प्रश्नांना घोकून ठेवलेलें उत्तर चालत नसे, कारण विचारणाऱ्यांनीं तीं कामें स्वतः केलेलीं असत. त्याच देशाच्या पायदळांत आणि घोडदळांत अधिकाराच्या सनदा रोख पैसे मोजून विकत घेतां येत, आणि ही चाल सन १८७१ पर्यंत बंद पडली नाहीं. आरमारांत लेफ्टनंटची सनद अशी विकत मिळत नसे. उमरावाचा मुलगा असो कीं धर्मोपदेशकाचा, डोलकाठीवर चढून आणि रात्रीचे पहारे करून त्यानें तीं वर्षें काढावीं, असा नियम होता.

नियम झाला म्हणजे पळवाटाही निघतात. थॉमस कॉक्रेन हा पुढें नामांकित झालेला सेनानी अवघा पांच वर्षांचा असतांना त्याच्या काकानें त्याचें नांव आपल्या जहाजांच्या हजेरीपटांत घालून ठेवलें होतें. प्रत्यक्षांत तो समुद्रावर गेला सन १७९३ मध्यें, वयाच्या सतराव्या वर्षीं. खुद्द होरेशिओ नेल्सनचीही गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तो नॉरफोकमधील एका गरीब धर्मोपदेशकाचा मुलगा. त्याची आई तो नऊ वर्षांचा असतांनाच वारली. परंतु तिचा भाऊ मॉरिस सकलिंग हा आरमारांत कॅप्टन होता, आणि या मामानेंच बारा वर्षांच्या भाच्याला सन १७७१ मध्यें आपल्या जहाजावर घेतलें. सन १७७७ च्या एप्रिल महिन्याच्या ९ तारखेस नेल्सन परीक्षेस उभा राहिला, तेव्हां त्याचें वय साडेअठरा वर्षांचें होतें. दाखल्यांत मात्र ‘वीस वर्षांहून अधिक’ असें लिहिलें गेलें. परीक्षकमंडळावर होता मामा, जो तोंवर आरमारखात्याचा कंट्रोलर झालेला होता. परीक्षा संपेपर्यंत त्यानें नातें उघड केलें नाहीं, अशी आख्यायिका आहे. दुसऱ्याच दिवशीं भाच्याला लेफ्टनंटची सनद मिळाली.

ही हकीकत वाचून आपल्याकडील कांहीं पालकांस हसूं येईल, आणि कांहींस आपल्या घरचें कांहीं आठवेल. शाळेच्या रजिस्टरांत मुलाचें वय एक-दोन वर्षांनीं कमी लिहवून घेण्याची चाल आपल्या देशांत पुष्कळ वर्षें होती. जन्माचा दाखला आवश्यक झाल्यापासून ती बरीच कमी झाली. तेथें वय वाढवीत, येथें कमी करीत, एवढाच काय तो फरक. नेल्सन थोर झाला म्हणून त्याच्या दाखल्यांतील खोटें खरें ठरत नाहीं. तें खोटें पचलें, याचें कारण इतकेंच कीं वय खोटें असलें तरी समुद्रावरील सहा वर्षें खरीं होतीं. मधल्या काळांत तो उत्तर ध्रुवाकडील एका सफरीवर जाऊन आला होता. पुढें ‘सीहॉर्स’ जहाजावरून तो हिंदी महासागरांत आला. सन १७७५ मध्यें कंपनीचा पैसा मद्रासेहून मुंबईस नेत असतांना हैदरअलीच्या दोन गलबतांशीं झालेली चकमक त्यानें पाहिली, आणि येथल्या तापानें तो मरतां मरतां वांचला. मामानें दाखल्यावरील आंकडा बदलला असेल. हा अनुभव मात्र कोणत्याही मामाला लिहून देतां आला नसता.

आतां परीक्षा उतरली म्हणजे काम झालें, असेंही नव्हतें. परीक्षा म्हणजे पात्रता; सनद ही निराळी गोष्ट. उतरलेले पुष्कळ उमेदवार जागा रिकामी होण्याची वाट पाहत वर्षानुवर्षें मिडशिपमनच राहत, आणि आपल्याहून दहा वर्षांनीं लहान मुलांबरोबर एका पंगतीस जेवत. येथें पुन्हां ओळखीचा प्रश्न येई. जेन ऑस्टेन या प्रसिद्ध कादंबरीलेखिकेचे दोन भाऊ आरमारांत होते, त्यामुळें हें दुःख तिला घरचें होतें. सन १८१४ मध्यें निघालेल्या ‘मॅन्सफील्ड पार्क’ या तिच्या कादंबरींत विल्यम प्राइस नांवाच्या होतकरू मिडशिपमनला बढती मिळते ती त्याच्या गुणांमुळें नव्हे, तर त्याच्या बहिणीवर मन बसलेला एक गृहस्थ आपल्या ॲडमिरल काकांकडे शब्द टाकतो म्हणून. लायक माणसालाही दार ठोठावणारा कोणी तरी लागतो, हें सत्य त्या लेखिकेनें कांहींएक आडपडदा न ठेवतां दाखविलें आहे.

नेल्सनच्या शेजारीं त्याचा मित्र कथबर्ट कॉलिंगवुड याला उभें केलें म्हणजे हें अधिक स्पष्ट होतें. कॉलिंगवुड नेल्सनपेक्षां दहा वर्षांनीं मोठा. न्यूकॅसलच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा. सन १७६१ मध्यें तो आरमारांत आला आणि लेफ्टनंट झाला सन १७७५ मध्यें, अमेरिकेंत बोस्टनपाशीं झालेल्या लढाईंत चांगली कामगिरी केल्यावर. म्हणजे नेल्सनला जी पायरी सहा वर्षांत मिळाली तिला कॉलिंगवुडला चौदा वर्षें लागलीं. पुढें दोघेही वेस्ट इंडीजमध्यें होते. तेथें नेल्सन एक एक पायरी चढे, आणि त्यानें सोडलेली जागा कॉलिंगवुडला मिळे. ‘लोस्टॉफ्ट’ जहाजावरील लेफ्टनंटची जागा, ‘बॅजर’ची कमांडरी, ‘हिंचिनब्रूक’ची कॅप्टनकी, या तिन्ही ठिकाणीं असेंच झालें. सन १७७९ च्या जूनमध्यें नेल्सन कॅप्टन झाला तेव्हां तो वीस वर्षांचा होता. सन १७८० च्या मार्चमध्यें कॉलिंगवुड कॅप्टन झाला तेव्हां तो एकतीस वर्षांचा होता. तरी या दोघांत कधीं मत्सर शिरला नाहीं, ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं विसरूं नये.

येथें आणखी एक बारकावा आहे. मामा सकलिंग सन १७७८ च्या जुलैमध्यें वारला. वशिलाच सर्वस्व असता तर नेल्सनची गाडी तेथेंच थांबली असती. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरांत वेस्ट इंडीजचे सरसेनापति सर पीटर पार्कर यांनीं त्याला कमांडर केलें. मेलेल्या मामाकडून पार्करना कांहीं मिळावयाचें नव्हतें. त्यांना हवा होता जहाज संभाळणारा अधिकारी, आणि तो कोण हें त्यांनीं आपल्याच निशाणाच्या जहाजावर काम करवून घेऊन पाहिलें होतें. मामाच्या शब्दानें दार उघडलें. आंत गेल्यावर मात्र कामच बोलूं लागलें.

याच्या उलट एक उदाहरण द्यावयास पाहिजे. दूरच्या सागरांवरील सरसेनापतींना रिकाम्या झालेल्या जागा आपल्या हातानें भरण्याचा अधिकार असे, कारण इंग्लंडहून हुकूम येण्यास महिने लागत. हा अधिकार हातीं असतांना ॲडमिरल रॉडनी यांनीं सन १७८० मध्यें आपला मुलगा जॉन यास सप्टेंबरांत लेफ्टनंट आणि ऑक्टोबरांत कॅप्टन केलें. त्या वेळीं त्या मुलाचें वय पंधरा वर्षांचें होतें! बापानें दोनच वर्षांनीं फ्रेंच आरमारावर मोठा विजय मिळविला, त्याची आठवण इतिहास ठेवतो. मुलाची आठवण निघते ती बहुतकरून या पंधरा वर्षांच्या कॅप्टनकीपुरतीच. ज्याच्या हातीं ससा तो पारधी, ही म्हण केवळ आपल्याकडेच खरी आहे असें कोणीं समजूं नये.

आतां ज्याला मामाही नव्हता आणि बापही कोणी नव्हता, अशाची गोष्ट. जेम्स कुक हा यॉर्कशायरमधील एका शेतमजुराचा मुलगा, जन्म सन १७२८. तो व्हिटबी बंदरांत कोळशाच्या जहाजांवर काम शिकला, रात्रीं दिव्याखालीं बसून त्यानें गणित केलें, आणि एका व्यापारी जहाजाचा मुख्य होण्याची संधि समोर असतांना ती सोडून सन १७५५ मध्यें तो साधा खलाशी म्हणून आरमारांत शिरला. महिनाभरांत त्याचे हात पाहून त्याला वरची जागा मिळाली. सन १७५७ मध्यें तो मास्टरची परीक्षा उतरला. मास्टर म्हणजे जहाज हांकण्याची जबाबदारी वाहणारा अधिकारी; पण राजाची सनद असलेल्या लेफ्टनंटच्या पंक्तींत त्याला स्थान नसे. कानडांतील सेंट लॉरेन्स नदीचे आणि न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याचे त्यानें असे नकाशे काढले कीं ते पुढें कित्येक वर्षें वापरांत राहिले. त्याला लेफ्टनंटची सनद मिळाली सन १७६८ मध्यें, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं, आणि तीही पॅसिफिक महासागरांतील सफरीवर पाठविण्यास त्याच्यासारखा दुसरा माणूस सांपडेना म्हणून. तो कॅप्टन झाला सन १७७५ मध्यें. ज्या पायरीवर नेल्सन विसाव्या वर्षीं उभा होता त्या पायरीवर कुक सेहेचाळिसाव्या वर्षीं पोहोंचला. दोन जगप्रवास तोंवर त्यानें पुरे केले होते!

कुकलाही पाठीराखा मिळाला होता. ज्या जहाजावर तो प्रथम खलाशी होता त्याचे कॅप्टन ह्यू पॅलिसर यांनीं पुढें न्यूफाउंडलंडचे गव्हर्नर झाल्यावर त्याच्या कामाला आधार दिला. पण हा वशिला रक्ताचा नव्हे, कामाचा. कुकनें तो वारशानें मिळविला नाहीं, हातानें मिळविला. तरीही कुकची गोष्ट सांगून ‘पाहा, गुणाला मरण नाहीं’ असें म्हणण्यास आमची जीभ धजत नाहीं. एक कुक वर आला. परंतु त्याच आरमाराच्या खालच्या मजल्यांवर, जबरीनें पकडून आणलेल्या हजारों खलाशांत, असे किती कुक होते कीं ज्यांना कोणी पॅलिसर भेटला नाहीं? त्यांचे नकाशे कोणीं काढवून घेतले नाहींत, म्हणून त्यांचीं नांवेंही आपणांस ठाऊक नाहींत. ज्या व्यवस्थेंत गुणी माणसाला वर येण्यास योगायोग लागतो, ती व्यवस्था गुणी माणूस वर आला तरीही सदोषच होय.

कॅप्टनच्या वरची बढती अगदीं निराळ्या तत्त्वावर चाले. एकदां कॅप्टनांच्या यादींत नांव चढलें कीं पुढें तें केवळ क्रमानेंच सरके. वरचा मेला कीं खालचा चढला. यांत एक गुण होता. कोणाचा कितीही लाडका असला तरी त्याला दुसऱ्याच्या डोक्यावरून उडी मारतां येत नसे. सन १७९७ च्या फेब्रुवारींत नेल्सन रिअर ॲडमिरल झाला, तेव्हां सहाच दिवसांपूर्वीं सेंट व्हिन्सेंटच्या लढाईंत त्यानें शौर्य गाजविलें होतें; पण त्या लढाईची वार्ता लंडनला पोहोंचण्यापूर्वींच त्याची पाळी यादींत आलेली होती. विसाव्या वर्षीं कॅप्टन झाल्यामुळें अडतिसाव्या वर्षीं तो ॲडमिरल होऊं शकला. कॉलिंगवुड यादींत नऊ महिन्यांनीं मागें होता; त्याची पाळी दोन वर्षांनीं आली, तेव्हां तो पन्नाशींत होता. तरुणपणीं लागलेला हात असा पुढें अठरा वर्षांनीं व्याजासकट फळाला येई.

या क्रमवारीचा दोषही मोठा होता. वर जाण्यास दुसऱ्यानें मरावें लागे. अधिकाऱ्यांच्या भोजनांत ‘रक्तपाताचें युद्ध आणि रोगराईचा हंगाम’ येवो, अशी इच्छा पेला उंचावून बोलून दाखविण्याची चाल होती. थट्टेची खरी, पण या थट्टेच्या तळाशीं काय आहे तें पाहून अंगावर कांटा येतो. शिवाय यादीच्या टोकाला म्हातारे आणि असमर्थ साचून राहत. अशांना जहाजांचा काफिला न देतां नांवाचें ॲडमिरलपद देऊन बाजूस करण्याची युक्ति सन १७४७ मध्यें काढावी लागली. प्रोव्हो वॉलिस याची कथा तर या पद्धतीचा कळसच आहे. त्याचे वडील हॅलिफॅक्सच्या आरमारी गोदींत कारकून होते, आणि त्यांनीं मुलगा चार वर्षांचा असतांनाच, सन १७९५ मध्यें, त्याचें नांव एका जहाजाच्या पुस्तकांत चढविलें. सन १८१३ मध्यें ‘शॅनन’ जहाजानें अमेरिकनांचें ‘चेसापीक’ पकडलें, तेव्हां कॅप्टन घायाळ झाल्यामुळें वॉलिसनें सहा दिवस जहाज संभाळलें. नेपोलियनशीं युद्धें चालू असतांना ज्यांनीं जहाज संभाळलें त्यांना सेवानिवृत्त करूं नये, असा नियम सन १८७० मध्यें झाला. त्या सहा दिवसांच्या बळावर वॉलिस सन १८९२ मध्यें, शंभर वर्षांचा होऊन मरेपर्यंत, चालू नोकरींतच राहिला.

आणि शांततेचा काळ आला म्हणजे गुण, वशिला, क्रम हें सगळेंच थिजून जाई. सन १८१३ च्या सुमारास आरमारांत सुमारें १,४०,००० माणसें होतीं. सन १८१७ पर्यंत तीं सुमारें २०,००० वर आलीं. खलाशांना घरीं पाठविलें. अधिकारी मात्र यादींत राहिले, अर्ध्या पगारावर, जहाजावांचून. हजारों लेफ्टनंटांना पुन्हां कधीं समुद्रावर जावयास मिळालें नाहीं. यांत त्यांचा अपराध कांहीं नव्हता. अपयश आलें म्हणजे प्रत्येक वेळीं माणसाला दोष देऊं नये, हें पालकांनीं येथून शिकण्यासारखें आहे.

इतक्या सगळ्या दोषांनंतरही या पद्धतींतून समर्थ अधिकारी निपजले, याचें कारण काय? आमच्या मतें कारण एकच. ज्यानें शिफारस करावयाची त्यालाच बहुधा तिचें फळ चाखावें लागे. कॅप्टननें बिनकामाचा लेफ्टनंट घेतला तर मध्यरात्रीं वादळांत त्याच लेफ्टनंटच्या पहाऱ्यावर विसंबून त्याला निजावें लागे. सरसेनापतीनें नादान कॅप्टन नेमला तर लढाईच्या रांगेंत तोच आपल्या मागें किंवा पुढें असे. शिफारस करणारा आणि ज्याची शिफारस केली तो, दोघे एकाच फळीवर, एकाच खोल पाण्यावर तरंगत असत. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार, हें तेथें पहिल्याच वादळांत कळे. म्हणून ओळख पुष्कळदां ओळखीपुरती न राहतां पारख होई. जेथें हा धाक सुटला, जसा रॉडनीच्या घरीं सुटला, तेथें ओळख नुसती ओळख राहिली.

आपल्याकडील वशिल्याचा खरा रोग येथें आहे. ‘हा आमचा माणूस, याला लावून घ्या’ अशी चिठ्ठी जो लिहितो त्याला त्या कचेरीच्या खिडकीपुढें पुन्हां कधीं उभें राहावें लागत नाहीं. त्या दवाखान्यांत त्याला औषध घ्यावें लागत नाहीं. त्या शाळेंत त्याचा मुलगा शिकत नाहीं. चिठ्ठी लिहिणारा कोरडा राहतो, आणि बुडतात ते दुसरे. म्हणून शिफारस अजीबात नसावी असें आमचें म्हणणें नाहीं. माणसाची पारख माणसानेंच करावयाची असते, आणि ज्याला कोणी ओळखत नाहीं अशा गरीब मुलासाठीं कोणीतरी शब्द टाकलाच पाहिजे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या शब्दाची किंमत देण्यास आपण तयार नाहीं तो शब्द टाकूं नये. आणि कोणत्याही शब्दाच्या आधीं परीक्षा असावी. शिक्षक या नात्यानें आम्ही दाखले लिहितों. ते लिहितांना आमच्या मनांत हाच प्रश्न असतो कीं, या मुलाच्या पहाऱ्यावर विसंबून आम्हांस निजतां येईल काय? येईल, तर आम्ही दोन ओळी अधिक लिहूं. येत नसेल, तर पालकांनीं आग्रह करूं नये. तो आग्रह त्यांच्याच मुलाच्या हिताच्या आड येतो.

शेवटीं एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. त्या आरमाराचीं कित्येक जहाजें आपल्या मुंबईच्या गोदींत, वाडिया घराण्याच्या देखरेखीखालीं, सागवानी लांकडांतून बांधलेलीं होतीं. सन १८२७ च्या नॅव्हारिनोच्या लढाईंत इंग्रज ॲडमिरलचें निशाण ज्या ‘एशिया’ जहाजावर होतें तें मुंबईचें. सन १८१७ मध्यें येथें बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप जपून ठेवलेलें आहे. ज्या हातांनीं हीं जहाजें घडविलीं त्यांच्या मुलांना मात्र वर वर्णिलेल्या शिडीची पहिली पायरीही खुली नव्हती. आपल्या किनाऱ्यावरील सरकारी आरमारी नोकरींत पहिल्या भारतीय अधिकाऱ्यास सनद मिळण्यास सन १९२८ उजाडावें लागलें. मध्येंच कोणी ढकलून पुढें गेला, हा अन्याय खरा. पण कोणाला शिडीला हातच लावूं न देणें हा त्याहून मोठा अन्याय. आपण स्वतः कोणाच्या मुलांना कोणत्या शिडीपासून दूर ठेवतों, हें ज्याचें त्यानें आपल्या मनाशीं तपासावें.

आमच्या शाळेंतील पुष्कळ मुलांचा मामा कोठें कंट्रोलर नाहीं. त्यांना खोटा धीर देण्याची आमची इच्छा नाहीं. त्यांना कदाचित् कॉलिंगवुडप्रमाणें दुप्पट वर्षें लागतील, कदाचित् कुकप्रमाणें वीस. परंतु दार केव्हां उघडेल हें आपल्या हातीं नसलें तरी तें उघडेल त्या दिवशीं आपल्याला गांठ मारतां येते कीं नाहीं, हें सर्वस्वी आपल्या हातीं आहे. ट्रॅफल्गारच्या समुद्रावर सन १८०५ मध्यें नेल्सन पडला, तेव्हां सगळ्या आरमाराचा भार ज्यानें उचलला तो तोच मागून आलेला कॉलिंगवुड होता. लढाईनंतर लागलेल्या वादळांत मोडक्या डोलकाठ्यांचीं जहाजें त्यानें संभाळलीं, आणि इंग्रजांचें एकही जहाज बुडूं दिलें नाहीं. चौदा वर्षें लेफ्टनंटकीची वाट पाहतांना जें शिकला होता, तेंच त्या दिवशीं त्याच्या कामीं आलें.